चिऊच्या पेशी

हे सांगताना माझी पहिली अडचण अशी, की माझा माझ्याच आठवणीवर फारसा विश्वास नाही. ही खोटी नम्रता नव्हे. आयुष्यभर मी सूक्ष्मदर्शकाखालची चित्रं मोजण्याचं काम केलं, आणि त्या कामात माणूस एक गोष्ट पक्की शिकतो: डोळ्यांना जे दिसावंसं वाटतं, ते त्यांना दिसतं. म्हणून तर आम्ही मोजत असू. त्या दिवसाची चित्रं आता राहिलेली नाहीत. ज्या तबकड्यांवर ती साठवली होती, त्या वाचणारी यंत्रंच जगातून गेली. उरलो मी. तेव्हा त्या खोलीत स्टूल खिडकीपाशी होतं की फळीपाशी, अशा तपशिलात माझी चूक होईल. खिडकी नव्हतीच. बघा, इथपासूनच सुरुवात झाली.

खिडकी नव्हती, कारण आम्हाला अंधार लागे. बाहेर भर दुपारचं ऊन असो, आमच्या खोलीत दाराच्या आत जाड काळा पडदा, भिंती काळ्या, आणि उजेड फक्त संगणकाच्या पडद्यावरच्या चित्राचा. पेशी जिवंत ठेवायच्या म्हणून सूक्ष्मदर्शकाभोवती एक पेटी असे आणि तिच्यात अंगाइतकी ऊब. त्यामुळे खोलीला नेहमी कुणाच्या तरी श्वासासारखा ओलसर, गोडसर वास यायचा. त्यात भिंगावरच्या तेलाचा वास. आणि एक आवाज. दर थोड्या वेळानं कॅमेऱ्याची झडप उघडे आणि मिटे: टक्. इतक्या वर्षांनीही घड्याळाच्या दुकानासमोरून जाताना माझ्या पाठीत काहीतरी आखडतं.

काम साधं होतं. आपल्या पेशींमध्ये चरबीचे बारीक थेंब असतात. पेशीचा शिधाच म्हणा ना. काही आजारांत पेशीला हा शिधा संपवता येत नाही, थेंब साठत जातात आणि माणूस आतून भरत भरत मरतो. अशा रोग्यांच्या कातडीतल्या पेशी आम्ही काचेच्या डिशमध्ये वाढवत असू. त्यांना एक रंग देत असू. तो चरबीला चिकटतो आणि निळा उजेड टाकला की हिरवा चमकतो. अंधारात शेकडो हिरवे ठिपके, आणि प्रत्येक पेशीच्या मधोमध केंद्रकाचा काळा गोल. त्या रंगाची एक खोड होती. उजेड पडत राहिला की तो विझत जायचा. म्हणजे जितकं जास्त बघाल तितकं कमी दिसणार. म्हणून थोडं बघायचं, मग अंधार, मग पुन्हा थोडं. टक्.

रोग्यांशी तुलना करायला निरोगी माणसाच्या पेशी लागतात. आणि निरोगी माणसं प्रयोगशाळेला मिळतात ती घरातलीच. कुणाची बायको, कुणाचा भाऊ. माझ्या घरात माझी लेक होती. तिची आई ती शाळेत असतानाच गेली, आणि तेव्हापासून आम्ही दोघंच एकमेकांना. मी तिला चिऊ म्हणायचो, मग सगळेच म्हणू लागले. दंडाच्या आतल्या बाजूचा कातडीचा कण घेतला तेव्हा ती म्हणाली होती, "एवढंच? बाबा, तू हजामतीला बसलास की याच्यापेक्षा जास्त रक्त काढतोस."

तिच्या पेशी छान वाढल्या. थोड्या वापरात ठेवल्या, बाकीच्या कुप्यांत भरून तळघरातल्या द्रव नायट्रोजनच्या टाकीत गोठवल्या. तशीच पद्धत असते.

माझ्या हाताखाली एक संशोधक होती. दिवसभर अंधारात बसायला तिला आवडे, म्हणून साऱ्या मजल्यानं तिचं नाव घुबड पाडलं होतं, आणि तीही फोन उचलून "हां, घुबड बोलतेय" म्हणायची. तिनं संगणकासाठी एक आज्ञावली लिहिली होती. प्रत्येक पेशीच्या केंद्रकापासून थेंबांची गर्दी जिकडे असेल तिकडे एक छोटी रेघ काढायची, आणि त्या शेकडो रेघांची सरासरी म्हणजे पडद्याच्या कोपऱ्यातला एक लाल बाण. थेंब सगळीकडे सारखे पसरलेले असले की बाण इवलासा, नसल्यासारखाच. तसाच तो असायला हवा. पेशीला उत्तर काय आणि दक्षिण काय!

एके दिवशी जेवणाच्या सुमारास मी एक भिंग परत न्यायला तिथे गेलो. पडदा बाजूला सारून आत शिरतो तोच ती म्हणाली,

"सर, तुमची लेक रुसलीय."

"का बरं?"

"भिंतीकडे तोंड करून बसलीय. या ना, बघा."

मी वाकून बघितलं. रोग्यांच्या पेशी नेहमीसारख्या, ठिपके सगळीकडे विखुरलेले. आणि शेजारच्या डिशमध्ये चिऊच्या पेशी. प्रत्येक पेशीतले सगळे थेंब एकाच बाजूला जमले होते, काळ्या केंद्रकाच्या कडेला हिरवी कोर धरून. एकीत नाही, दहांत नाही. सगळ्यांत. मला पहिल्यांदा काय आठवलं ते लिहायला संकोच वाटतो. शेकडो बुबुळं एकाच दिशेला वळल्यासारखं ते दिसत होतं.

"टेबल कललं असेल."

"पातळी लावून बघितली."

"हीटरचा झोत?"

"तो मागून येतो, आणि या बघतायत समोर. डिशही फिरवली मी, सर. थोड्या वेळानं थेंब सरकत सरकत पुन्हा तिकडेच. म्हणजे कारण डिशमध्ये नाही, बाहेर आहे. मी घुबड असले तरी आंधळी नाही."

माझ्या स्वभावाप्रमाणे मी खुर्ची ओढून बसलो, आपलं काय चुकतंय ते शोधायला. टक्. बाण भिंतीकडे. टक्. बाण किंचित सरकला. मग आणखी थोडा. थेंबांना पेशीच्या एका कडेहून दुसऱ्या कडेला जायला वेळ लागतो, ती मुंगीची चाल असते. बाण सावकाश फिरत दाराकडे आला. दाराशी थोडा थांबला, मग फळीच्या बाजूनं सरकत कोपऱ्यातल्या स्टुलाकडे वळला आणि तिथे स्थिर झाला.

स्टुलावर कुणी नव्हतं.

मी काहीतरी विनोद करणार होतो. तेवढ्यात दारावर दोन टिचक्या वाजल्या, पडदा हलला, आणि चिऊ माझा जेवणाचा डबा घेऊन आत आली. मी जेवायला विसरतो म्हणून ती तिच्या कचेरीतून रोज येत असे. दाराशी थांबून तिनं अंधाराला डोळे सरावू दिले, फळीवर डबा ठेवला, आणि स्टुलावर जाऊन बसली.

"काय रे बाबा, भूत बघितल्यासारखा काय बघतोयस?"

घुबड हळूच म्हणाली, "सर... त्या तिच्याकडे बघत होत्या. ती यायच्या *आधी*."

पुढचे कित्येक दिवस मी तो निकाल खोटा ठरवण्यात घालवले. पेशी कशाकडेही वळोत, पण आधी वळणार नाहीत. चिऊच्या येण्याजाण्याचा एक आलेख काढला, बाणाचा दुसरा, आणि एकावर दुसरा सरकवून ते कुठे जुळतात ते बघितलं. जुळले. फक्त वेळेच्या आकड्यापुढे उणे चिन्ह आलं. उणे चिन्ह म्हणजे बहुधा आपणच केलेला घोळ, असं मी विद्यार्थ्यांना सांगत आलो होतो. कॅमेऱ्याचं घड्याळ तपासलं, आज्ञावली ओळ न् ओळ वाचली, चित्र उलटं येतंय का बघितलं. उणे चिन्ह गेलं नाही.

मग घुबडानं सुचवलं. एका डिशवरून नुसती दिशा कळते, जागा कळत नाही. इमारतीच्या दुसऱ्या टोकाला हृदयरोगाच्या मंडळींचा सूक्ष्मदर्शक होता. तिथे चिऊच्या पेशींची दुसरी डिश लावली आणि तारेनं त्याचंही चित्र आमच्या पडद्यावर आणलं. भिंतीवर परिसराचा मोठा नकाशा टाचला. दोन्ही खोल्यांच्या जागी टाचण्या, दोन्ही टाचण्यांना लाल दोरे. बाण जसे वळतील तसे दोरे ओढायचे. ते एकमेकांना जिथे छेदतील तिथे चिऊ.

म्हणजे तिथे चिऊ जाणार.

आम्ही तिच्यापासून लपवलं नाही. रात्री जेवताना मी सांगितलं तर ती हसून लोटपोट झाली. "म्हणजे मी कुठे जाणार ते माझ्या दंडाच्या तुकड्याला ठाऊक, आणि मला नाही? मग त्यालाच विचार की, माझी बढती कुठे अडकलीय." ती शहराला येणारं पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत होती, रेल्वेच्या रुळांपलीकडे. रुळांवरून पादचाऱ्यांचा एक लोखंडी पूल होता. तिकडून आमच्याकडे यायची तीच एक वाट. लहानपणापासून तिला पुलावर थांबून खालून जाणारी गाडी बघायची खोड होती. नकाशावरचे दोरेसुद्धा पुलावर क्षणभर थांबायचे, आणि आम्ही दोघं हसायचो. तिथपर्यंत ते सगळं गमतीचंच वाटत होतं.

एक गोष्ट मात्र घुबडाच्या लक्षात आली होती. ते 'आधी' वाढत चाललं होतं. पहिल्यांदा चहा निवायला लागतो तेवढं. मग जेवण उरकायला लागतं तेवढं. मग बाण वळले, की आम्ही आणखी एखादं काम सहज संपवू, आणि त्यानंतर चिऊ त्या जागी.

त्या दिवशी सकाळी बाहेर लख्ख ऊन होतं. मला ते ऊन नक्की आठवतं, कारण त्यातून आत आल्यावर मी बराच वेळ पडदा चाचपडत उभा होतो. घुबड दोरे ओढत होती. चिऊ अजून तिच्या कचेरीत असणार. पण दोरे तिच्या कचेरीच्या फाटकातून बाहेर पडले होते. कुंपणाच्या कडेनं. पुलाच्या पायऱ्यांशी. पुलावर.

"आली तुमची राणी," घुबड म्हणाली. "आता गाडी बघत बसेल."

टक्. दोरे पुलाच्या मधोमध.

टक्. तिथेच.

टक्.

"आज लांबलचक मालगाडी दिसतेय," मी म्हणालो.

टक्... आणि दोन्ही बाण एकदम फिरले. सरकले नाहीत. मागच्या चित्रात इकडे, आणि या चित्रात सरळ उलट दिशेला. थेंब एवढ्यात इकडून तिकडे जाऊच शकत नाहीत. मी उठून उभा राहिलो. दोन्ही डिशमध्ये, इमारतीच्या दोन टोकांना, एकाच क्षणी, सगळ्या पेशींतली हिरवी कोर दुसऱ्या कडेला गेली होती. आणि तिची कड इतकी धारदार होती, जणू कुणीतरी दचकून मान फिरवली.

घुबडानं दोरे ओढले. दोरे आमच्याच इमारतीत छेदले. जिन्यामागच्या जागेवर.

"तिथे तर भिंत आहे," मी म्हणालो.

"आपल्या मजल्यावर भिंत आहे."

बाण वरखाली काही सांगत नव्हते, फक्त आडवी दिशा. त्या भिंतीच्या बरोबर खाली तळघर होतं. मी जिना उतरत पळालो. तळघराच्या त्या खोलीत कुणी नव्हतं. टाक्या गुणगुणत उभ्या होत्या. नकाशातली जागा डोळ्यांपुढे धरून मी उभा राहिलो आणि बघतो तर समोर आमची टाकी. झाकण उचललं. पांढरी वाफ काठावरून सांडून पायांशी पसरली. वाफ निवळली तशी आतली चवड दिसली. चिऊच्या कुप्या.

मी मोठ्यानं हसलो. एकटाच, त्या थंडगार खोलीत. हात्तिच्या! पेशी आपल्याच बहिणींकडे वळल्या. इतके दिवस आपण चिऊ चिऊ करत बसलो, आणि कारण काहीतरी भलतंच, पण निदान या जगातलं. मी धापा टाकत वर आलो आणि घुबडाला सांगितलं.

ती हसली नाही.

"सर, त्या कुप्या पहिल्या दिवसापासून तिथे आहेत. आजवर एकदाही त्यांच्याकडे वळल्या नव्हत्या."

"मग आज वळल्या."

"पण या वळतात ते चिऊ जिथे असणार तिथे. बरोबर? आणि आज..."

"बोल."

"तिचं दुसरं काही कुठे उरणारच नसेल तर... तर जेवढं उरेल, तेवढ्याकडेच..."

टक्.

वाक्य मला कळलं होतं. फक्त ते माझ्या डोक्यात शिरायला जागा सापडत नव्हती. मी फोन उचलला. चिऊच्या कचेरीतली बाई म्हणाली, "त्या? त्या केव्हाच निघाल्या की. डबा घेऊन."

त्यानंतरचं मला तुकड्या-तुकड्यांत आठवतं. ऊन अंगावर आदळलं. चप्पल एका पायात होती. मी वाटेवर एकेका चेहऱ्याकडे बघत पळत होतो, आणि समोरून येणारी माणसं बाजूला होत होती. पुलाच्या पायऱ्या चढलो. वर पोचलो तेव्हा खालून मालगाडीचा शेवटचा डबा निघून जात होता आणि पुलाचं लोखंड अजून झणझणत होतं. कठड्याशी एक बाई कडेवरच्या बाळाला गाडी दाखवत उभी होती.

"इथून एक मुलगी गेली का हो? हातात डबा?"

"नाही बुवा."

"आत्ताच. मघाशीच."

"आम्ही मघापासून इथेच आहोत. तिकडून कुणीच आलं नाही." मग माझ्या तोंडाकडे बघून तिनं बाळ दुसऱ्या कडेवर घेतलं आणि ती दोन पावलं मागे सरली.

मी खाली रुळांवर बघितलं. स्वतःवर बळजबरी करून, इंच इंच बघितलं. रूळ उन्हात चकाकत होते. काही नव्हतं. पलीकडे उतरून तिच्या कचेरीच्या फाटकापर्यंत गेलो. पहारेकऱ्यानं तिला बाहेर पडताना बघितलं होतं, पुलाकडे जाताना बघितलं होतं. पुन्हा पुलावर आलो. बाई निघून गेली होती. मी कठड्याला धरून किती वेळ उभा होतो, कोण जाणे. माझ्या लेकीला मी हाक मारत होतो, असं मला अंधुक आठवतं.

इमारतीत परतलो तो पोलिसांना फोन करायला. काळा पडदा बाजूला केला.

चिऊ स्टुलावर बसली होती.

"कुठे गेला होतात, बाबा? जेवण निवून गेलं."

मी तिला मिठी मारली. रडलो. हसलो. माझ्या वयाच्या माणसाला शोभणार नाही असं सगळं केलं. तिचे हात हातात घेतले. ते गार नव्हते, तुम्हाला वाटेल तसं काही नव्हतं. ते गरमही नव्हते. त्या खोलीत ठेवलेल्या कुठल्याही वस्तूइतके होते.

"कुठल्या वाटेनं आलीस तू?"

"नेहमीच्याच. पुलावर जरा थांबले होते."

"मी होतो पुलावर!"

"मग चुकामूक झाली असेल," ती शांतपणे म्हणाली.

तेव्हा माझं लक्ष घुबडाकडे गेलं. ती पार कोपऱ्यात, पाठ भिंतीला लावून उभी होती. तोंडावर हात. तिची नजर चिऊकडे नव्हती, पडद्याकडे होती. दोन्ही लाल बाण अजून जिन्याकडेच रोखलेले.

"चिऊ," ती कशीबशी म्हणाली, "जरा दाराशी उभी राहतेस?"

चिऊ उठून दाराशी गेली. टक्. बाण हलले नाहीत. ते पुढचं दाखवतात, आत्ताचं नाही, असं मी घाईघाईनं बडबडलो. आम्ही थांबलो. नेहमी थांबायचो त्याच्याहून जास्त थांबलो. चिऊ कंटाळली नाही, काही विचारलंही नाही, दाराशी उभीच राहिली. टक्. टक्. त्या शेकडो पेशींतल्या एकीनंही तिच्याकडे वळून बघितलं नाही.

"आता नाही का बघत माझ्याकडे त्या?" अंधारातून चिऊचा आवाज आला. अगदी हळू.

संध्याकाळी निघताना घुबड मला जिन्यापर्यंत पोचवायला आली. खाली चिऊ माझी वाट बघत उभी होती.

"सर, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार."

"चिऊ तुम्हाला अरे-तुरे करायची ना?"

मी म्हणालो, घाबरलेल्या बापाशी माणूस जरा मानानं बोलतो. म्हणालो, प्रयोगात आपलं काहीतरी चुकलंय आणि तो आता बंद. तिनं मान डोलावली. नंतर आम्ही पेशी पुन्हा रंगवल्या नाहीत. माझी लेक जिवंत घरी आली होती. कुणाच्या पेशी कुठे बघतात याच्याशी मला काय करायचं होतं? चुकलेला निकाल आयुष्यात एवढा गोड मला कधी लागला नव्हता.

वर्षं गेली. मी निवृत्त झालो. चिऊनं लग्न केलं नाही. नोकरी केली, घर सांभाळलं, माझ्या गोळ्यांच्या वेळा सांभाळल्या. केस पिकले तिचे, चष्मा लागला. माझ्या पसाऱ्यावरून रोज बोलणी बसतात मला: "बाबा, तुमच्या पुस्तकांखाली एक दिवस मलाच सापडणार आहात तुम्ही." कुणाही बापाला हेवा वाटावा अशी लेक. ती अहो-जाहो करते एवढंच. त्याचीही सवय झाली.

घुबड आता त्या विभागाची प्रमुख आहे. मध्यंतरी तिचा फोन आला. चिऊच्या पेशी निरोगी नमुना म्हणून किती तरी प्रयोगशाळांत पोचल्या आहेत. आमच्या धंद्यात पेशींची अदलाबदल हे जुनं दुखणं. एकाच्या म्हणून दुसऱ्याच्याच पेशी वर्षानुवर्षं वापरल्या जातात. म्हणून हल्ली कुप्यांतल्या पेशी खरंच त्या माणसाच्या आहेत ना, हे तपासून घ्यावं लागतं. ती स्वतः घरी आली, चिऊच्या आणि माझ्या गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून नळीत घालून घेऊन गेली. बापाचा नमुना कशाला, असं मी विचारलं नाही. चहा घेताना ती चिऊच्या नजरेला नजर देत नव्हती.

पुढे निकालाचा फोन.

"सर, एकटे आहात?"

"ती अंगणात कपडे वाळत घालतेय."

"कुप्यांतल्या पेशी तुमच्या मुलीच्याच आहेत. तुमच्या नमुन्याशी बाप-लेकीसारख्या जुळतात. त्यात शंका नाही."

"मग छान झालं की."

"तिच्या काडीचं..."

"जुळत नाही?"

"जुळत नाही असं मी म्हणत नाहीये, सर." ती इतकी हळू बोलत होती की मी फोन कानावर दाबून धरला. "काहीच नाही. कुणाचंच नाही."

मी म्हणालो, नमुना खराब झाला असेल. होतं असं.

रविवारी सकाळी, चांगल्या उजेडात, मी निवृत्तीच्या वेळी मिळालेला सूक्ष्मदर्शक टेबलावर मांडला. शाळेतली मुलं करतात तो प्रयोग. आधी स्वतःच्या गालातून काडी फिरवली, काचेवर पुसली, निळ्या रंगाचा थेंब टाकला. हाताला कंप असूनही जमलं. काच पेशींनी गच्च भरली होती, प्रत्येकीत एक ठळक निळं केंद्रक. मग चिऊला हाक मारली. कशाला, असं तिनं विचारलं नाही. समोर खुर्चीत बसली, चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि लहान मुलासारखा आ केला. मी दोन्ही गालांच्या आतून सावकाश, दाबून काडी फिरवली. ती माझ्याकडे बघत होती.

तिची काच मी या कडेपासून त्या कडेपर्यंत बघितली, मग आडवी बघितली. पेशी नव्हत्या. तोंडात असतात ते जंतूही नव्हते. नुसता निळा रंग.

"सापडलं काही, बाबा?" ती मागे उभी होती.

"काच नीट पुसली गेली नाही बहुतेक," मी म्हणालो. "पुन्हा घेऊ?"

तिनं पुन्हा तोंड उघडलं. या खेपेला मी काडी काचेवर टेकवली नाही. कापसाचं टोक आधी चिमटीत धरून बघितलं. कापूस कोरडा होता.